लाल दोऱ्याचा अभ्रा

भिंतीवर चौदा अभ्रे ओळीने लागले होते. धुऊन धुऊन विरलेले, घरातल्याच उशांचे. त्यांवर सुटी बटणं, औषधांची रिकामी पाकिटं, दुधाच्या पिशव्यांचे तुकडे चिकटवलेले आणि मधोमध टाक्यांनी भरलेलं एकेक वाक्य. शेजारी पाटी : ‘सासूबाई म्हणतात’. प्रदर्शन उद्या उघडणार होतं, आणि ही गोष्ट सासूबाईंच्या कानावर घालायचं धाडस ते भरणाऱ्या सुनेला सहा महिन्यांत झालं नव्हतं.

त्यात अभ्र्यांच्या कडा त्यांनीच शिवून दिलेल्या. “दे इकडे. तुझी शिवण म्हणजे मुंगी झिंगून चालल्यासारखी,” म्हणत त्यांनी चौदाही अभ्रे दुपारभर बसून नीट केले होते. वर काय भरणार, असं विचारल्यावर हिने “फुलंबिलं” सांगून वेळ मारून नेली होती.

आणि आता सासूबाई दालनाच्या दारात उभ्या. एका हातात हिचा विसरलेला डबा, दुसऱ्या हाताला चार वर्षांची नात.

“आई, तुम्ही कशाला आलात?”

“उपाशी राहशील म्हणून.” त्यांनी पाटी वाचली. चष्मा वर सरकवला आणि एकेका अभ्र्यापुढे थांबून मोठ्याने वाचू लागल्या.

“‘दिवे कुणाच्या सासऱ्यासाठी जळतायत?’ म्हटलंय. तुझ्या सासऱ्यांनाच म्हटलंय.” खिळे ठोकणारा कामगार फिसकन हसला. “‘झोप झाली का राणीसाहेब?’ हं. हे जरा लागेलसं बोलले खरी.”

शेवटचा अभ्रा सगळ्यांत मोठा, लाल दोऱ्याचा : ‘कुठून आलीस माझ्या नशिबी!’

त्यांनी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. “हे मी तुला कधी म्हणाले गं?”

“आजी नाही म्हणत,” रंगाचं नाव सांगावं तसं नातीने सांगितलं. “आई म्हणते. मी दूध सांडलं की.”

घरात कुणाच्याही तोंडून एखादं वाक्य निघालं, की सून हातातलं टाकून कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने पेन्सिलीने टिपून ठेवायची. कोण म्हणालं, ते मात्र लिहायची नाही. लक्षात राहीलच, असं वाटायचं. लेकीला नुसती शिंक आली तरी थर्मामीटर शोधत सुटणारी ती. हे वाक्य भरताना तीन आठवडे तिला सासूबाईंचाच आवाज ऐकू येत होता.

ती अभ्रा उतरवायला धावली.

“ओढू नकोस, शिवण उसवेल.” सासूबाईंनी डबा खिडकीत ठेवला आणि स्टुलावर पाठमोऱ्या बसल्या.

“बाकीचे तेरा... काढू का, आई?”

“राहू देत. म्हटलंय ते म्हटलंय.” मग म्हणाल्या, “विचारलं असतंस, तर आणखी दोन-चार सांगितली असती.”

हिला वर बघवेना. पाटीवर तिने ‘आमच्या घरी म्हणतात’ असा बदल करायला घेतला. ‘आमच्या’पाशी हात अडला. तेवढं खोडून ‘घरी म्हणतात’ एवढंच ठेवलं. मग लाल अभ्र्याखाली पेन्सिलीने लिहिलं.

“काय लिहिलंस? वाच ना,” लेक म्हणाली.

ती लेकीशेजारी गुडघ्यांवर बसली. हातोडीचा आवाज थांबला होता. शब्दाशब्दावर बोट ठेवत तिने वाचलं, “हे मी म्हणते. माझ्या मुलीला.”

लेकीने मान डोलावली. “बरोबर.”