घरी नेलेल्यांचा रकाना

उन्हाळ्यातल्या सकाळी काचीगुड्याच्या आमच्या घरात वाळ्याच्या ओल्या पडद्याचा गंध दरवळायचा आणि त्या मंद, थंडावलेल्या उजेडात माझे वडील, नाना, पोस्टकार्डं लिहीत बसलेले असायचे. निबाची कुरकुर ऐकू यायची, मग थांबायची. एका प्रश्नापाशी त्यांचा हात नेहमीच अडे. ‘रुग्ण हयात आहे का?’ असं सरळ विचारणं त्यांच्या जिवावर येई. म्हणून उर्दूत किंवा तेलुगूत ते ‘प्रकृती आता कशी आहे?’ एवढंच लिहीत आणि उत्तरासाठीच्या जोडकार्डावर आमच्या घरचा पत्ता घालत.

नाना सरकारी दवाखान्यात नोंदी ठेवत. आपल्याकडे माणसानं शेवटचा श्वास घरी घ्यावा अशी रीत; डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली की नातेवाईक रिक्षा बोलावत. रजिस्टरात ‘घरी नेले’ असा शेरा पडे आणि तो मनुष्य मृतांच्या गणतीतून कायमचा सुटे. अशा माणसांचं पुढे काय झालं, हे शोधण्यासाठी नाना वर्षानुवर्षं स्वतःहून ही कार्डं धाडत होते. उत्तरं जमत गेली तसं त्यांना दिसू लागलं, की तळमजल्यावरच्या पुरुष वॉर्डातून घरी गेलेले फार दगावतात. त्याच आजाराचे, वरच्या मजल्यावरून घरी गेलेले मात्र बरेच वाचतात. का, ते कुणी तरी बघावं, एवढीच त्यांची तळमळ होती.

एकदा कार्डाऐवजी एक बाईच दारात उभी राहिली. नामपल्ली स्टेशनावर उतरून विचारत विचारत आलेली, कार्ड पदराच्या गाठीत.

“मेरा आदमी गुजर गया साब, घर कू गए सो तीसरे दिन,” ती म्हणाली. “तुम पूछे, बस. और कोई बी नइ पूछा.”

नानांनी तिला पाणी दिलं, तारीख लिहून घेतली, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढे बाजार खुले झाले. शहरभर नव्या खाजगी इस्पितळांच्या काचा चकाकू लागल्या आणि आमच्या जुन्या दवाखान्यालाही आकडे मिरवण्याची हौस आली. वार्षिक अहवालात घरी नेलेल्यांचा एक रकाना असावा, असं नानांनी लिहून दिलं. “हमारे दरवाजे से जिंदा गया सो जिंदा, साब,” अधीक्षक हसून म्हणाले. अहवाल गुळगुळीत कागदावर छापून आला; मृत्यू घटले होते. नानांनी त्या पानावरून तळवा फिरवला, घडी मोडलेला रुमाल सारखा करावा तसा, आणि गप्प बसले. त्यांच्या त्या गप्प बसण्याची मला आजही चीड येते. टेबलावर मूठ आपटायची सोडून हा मनुष्य दुसऱ्या दिवशी पुन्हा कार्डं लिहायला बसला!

मग त्यांचंच हृदय थकलं आणि त्याच तळमजल्यावरच्या वॉर्डात त्यांना खाट मिळाली. डॉक्टरांनी मान हलवली. काकांनी रिक्षा आणली. घरी आईनं बाहेरची खोली सारवल्यासारखी लख्ख पुसून गंगाजळ, तुळशीपत्र काढून ठेवलं होतं आणि ती त्यांना न्यायला वॉर्डात आली होती. नानांनी खाटेचा लोखंडी गज घट्ट धरला.

“नेऊ नका मला. घरी गेलो की सुटलो यांच्या हिशेबातून. इथं मेलो तर मोजावं लागेल.”

“सगळा जन्म दवाखान्याला दिलात,” आई म्हणाली, “आता मरणही त्यालाच?”

त्यांनी गज सोडला नाही. भर दुपारी, पंख्याच्या खडखडाटात, ते तिथेच गेले. आईनं त्यांना कधी क्षमा केली नाही. मी केली की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या वर्षीचा अहवाल मी मागून आणला. रकाना नव्हताच. मृतांच्या एकूण संख्येत मात्र कुठे तरी नाना आहेत, त्यांच्या हट्टानं मिळवलेल्या जागी. काळ माणसाचा चेहरा पुसून मागे आकडा ठेवतो; तो आकडा मी पुन्हा पुन्हा वाचते, आणि त्यातला माझा कोणता, ते काही केल्या ओळखू येत नाही.