एका वाफेवर जेवलेला वर्ग

मित्रांनो, मी एक जुनी वाफपेटी आहे, आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे.

वाफपेटी म्हणजे शाळेतल्या पोरांचे डबे गरम करणारी. माणसाएवढी उंच, स्टीलची, आत जाळीचे कप्पे, तळाशी पाणी. ताइचुंगच्या एका कारखान्यात मला ठोकून-जोडून तयार केलं आणि टेम्पोत आडवी घालून इकडे दक्षिणेला, पिंगतुंगच्या या शाळेत आणलं. तेव्हापासून दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात उभी आहे. सकाळी ज्यांची पाळी असेल ती दोघं वर्गाचे डबे क्रेटमध्ये भरून आणतात, झाकणं जरा सैल करतात, बटण दाबतात. जेवणाच्या सुट्टीत दार उघडलं की भपकन वाफ, आणि सगळ्यांचे चष्मे पांढरे. थंडीत पोरं माझ्याकडे पाठ करून शेकत उभी राहायची. एक जण तर म्हणाला होता, मोठा झालो की हिच्याशीच लग्न करणार. कौतुक खूप झालं माझं. मी त्याला भुललेसुद्धा.

पण आज कौतुकाचं नाही बोलणार.

गेल्या आठवड्यात शेवटच्या वर्षाचा वर्ग कॅमेरा घेऊन माझ्यासमोर आला. निरोपाच्या दिवशी सभागृहात आईबापांना दाखवायला फिल्म करतात ना, शाळेच्या आठवणींची, ती. कॅमेरा धरला होता वर्गाच्या मॉनिटरनं, को यू-तिंगनं. पोरगा वाईट नाही. गोड बोलतो, सगळ्यांना धरून असतो. त्यानं एक ओळ लिहून आणली होती. प्रत्येकानं डबा हातात घेऊन माझ्या दाराशी उभं राहायचं आणि म्हणायचं, "तीन वर्षं आम्ही सगळे एकाच वाफेवर जेवलो."

सगळे म्हणे. माझं बटण बंद होतं, तरी तळातलं पाणी उकळलं.

खरं काय ते माझ्याकडून ऐका.

या वर्गात चुंग पेइ-यिंग नावाची मुलगी आहे. तिची आई लग्न होऊन व्हिएतनामहून इकडे आलेली. आई डब्यात मासा द्यायची. आंबवलेल्या माशाच्या रसात मुरवून, गूळसर काळपट रश्श्यात आटवलेला. वास होता का? होता की, दणदणीत होता. पण तो दुसऱ्यांच्या डब्यात शिरला तो माझ्यामुळे. माझी वाफ बाहेर जायची नळी गंजून बुजली होती. वाफ आतल्या आत फिरायची, आणि याच्या कोंबडीला, त्याच्या अंड्याला, सगळ्यालाच मासा लागायचा. मग टोमणे सुरू. पेइ-यिंग, तुझ्या माशानं माझ्या पोर्कचॉपचा जीव घेतला. पेइ-यिंग, आज कुठलं बंदर आणलंस?

इथे दर आठवड्याला वर्गसभा भरते. ठराव मांडायचा, हात वर करायचे, सर फळ्यावर मतं मोजतात. पहिल्याच सत्रात ठराव आला. सर्वांच्या सोयीसाठी चुंग पेइ-यिंगचा डबा वाफपेटीत ठेवू नये. वर्गाची खिडकी माझ्यासमोरच आहे, मी सगळं पाहिलं. पटापट हात वर झाले. विरोधात एकही नाही. वर्गशिक्षक लाय सर खूश झाले. म्हणाले, भांडणतंटा न करता मिटवलंत, यालाच लोकशाही म्हणतात.

वर गेलेल्या हातांत पेइ-यिंगचाही हात होता. भरल्या वर्गात आपला एकटीचा हात खाली ठेवून बघा कधी, आणि मग तिला बोल लावा.

वास पसरवला मी, शिक्षा तिला. नळी साफ करू या, असा ठराव कुणाच्या डोक्यातही आला नाही. त्या दिवसापासून ती गार डबा खात आली. भाताचं ढेकूळ झालेलं, रश्श्यावर तेल थिजलेलं.

आणि आता हे म्हणतात, आम्ही सगळे.

तर एकेकाचं म्हणून झालं. यू-तिंगनं हाक मारली, "पेइ-यिंग, चल गं, पटकन, ऊन उतरतंय."

ती माझ्या दाराशी आली. डबा हातात. बोलेना.

"ओळ विसरलीस काय?"

"ओळ पाठ आहे. पण मी कुठे जेवले या वाफेवर?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि मध्येच थांबलं. यू-तिंगला खरंच काही आठवेना. मला सगळ्यात जास्त राग आला तो याचा. तिच्या तीन वर्षांचा घास गार झाला आणि यांना ते आठवतसुद्धा नाही. तिनंच सांगितलं मग, सभेचं, ठरावाचं. एक मुलगी पुटपुटली, "पण तूही हात वर केला होतास ना गं?"

"केला होता. तुम्ही सगळे माझ्याकडेच बघत होतात."

यू-तिंगचे कान लाल झाले. त्यानं आपल्या परीनं वाट काढली. डबा आत्ता आत ठेव, गरम करू, दार उघडताना तुझाच शॉट घेऊ, झकास दिसेल.

"आत्ता नको. भूक तेव्हा लागायची," ती म्हणाली. "माझी आई येणारे सभागृहात. ती रोज विचारायची डबा गरम होता का, मी रोज हो म्हणायचे. मी एकटी खोटं बोलले तेवढं पुरे. आता सगळ्यांनी मिळून तिला तेच ऐकवू नका. माझा डबा गार होता, एवढंच मी बोलणार. घ्यायचं तर ते घे, नाहीतर मला काढून टाक."

त्यानं ते घेतलं. नंतर कात्री लावता आली असती, लावली नाही. एवढं एक मी त्याच्या पदरात टाकते.

निरोपाच्या दिवशी सभागृहातला आवाज इथवर येत होता. हशा, गाणी, एकाच वाफेवर जेवलो, एकाच वाफेवर जेवलो. मग तिचा आवाज. टाळी वाजली नाही. बरं झालं, वाजली असती तर मी पेटले असते.

कार्यक्रम संपल्यावर मायलेकी वर आल्या. मुलीच्या हातात फुलं. आईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जशी वाईट शेजारीण न्याहाळावी. मी मान खाली घातली असती, पण मला मान नाही.

"मला सांगायचंस तरी," आई म्हणाली. "दुसरं काहीतरी दिलं असतं. अंडं, कोबी, यांच्यासारखं."

"म्हणूनच नाही सांगितलं, आई."

आईनं तिच्या हातातली फुलं आपल्याकडे घेतली. मग लेकीचा हात धरला आणि दोघी जिना उतरून गेल्या.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस शाळा सोडाल आणि गळ्यात गळे घालून आठवणी काढाल. काढा, माझी ना नाही. पण "आम्ही सगळे" म्हणताना जीभ जरा आवरा. आणि एक सांगा मला. नाकं सगळ्यांनी मुरडली, हात सगळ्यांनी वर केले, पण तीन वर्षांत तिच्यासमोर बसून "एक घास दे गं" असं एकालाही का म्हणता आलं नाही? मी पहिला महिनाभर तो मासा पोटात घेतलाय. फार चांगला होता तो.