शंभर ग्रेनची गोळी

"तीनशे मॅग्नम!" व्हर्लिन टोलेफसननं खिशातलं काडतूस काढून माझ्या काउंटरवर उभं केलं. "याच्यापुढे अस्वलसुद्धा टिकायचं नाही, इर्मा. हरणाची काय कथा!"

काडतूस त्याच्या मधल्या बोटाएवढं लांब होतं. बाहेर ट्रकमध्ये आठ टोकांच्या शिंगांचा एक देखणा नर पडला होता, पोट साफ केलेला. पाठीमागे रांगेत पाच-सहा जण उभे होते, सगळे नारिंगी टोप्यांत, सगळ्यांच्या अंगाला कॉफी आणि ओल्या लोकरीचा वास. हंगाम सुरू होऊन दुसरा दिवस होता. नोव्हेंबरातल्या या नऊ दिवसांत आमच्या उत्तर विस्कॉन्सिनमधला प्रत्येक पुरुष स्वतःला सेनापती समजतो आणि मला ते सव्वीस वर्षं ऐकून घ्यावं लागतंय. नवरा गेल्यापासून ही मांसाची शेड मीच चालवते. लोक हरीण मारून आणतात, मी सोलते, कापते, पुडे बांधून देते.

"एका बारात पडला?" मी विचारलं.

"तिसऱ्या. साठ पावलांवरून. पहिले दोन अंदाज घ्यायला."

साठ पावलांवर अंदाज कसला घ्यायचा, ते मी विचारलं नाही. त्याच्या उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखी ताजी जखम होती.

"हे काय झालं?"

"फांदी लागली."

ही फांदी मी दर वर्षी चार-पाच कपाळांवर बघते. पेलवत नसलेली रायफल उडवली, की तिची दुर्बीण मागे येऊन भुवईवर बसते. पण फांदी म्हणायचं, तर फांदी म्हणू.

मार्लिस, त्याची बायको, दाराशी उभी होती. जाकिटाची चेन उघडी होती आणि आतल्या चौकड्यांच्या शर्टाचा खालचा भाग गायब होता. सरळ कापलेला, सुरीनं. तिथून आतलं लोकरीचं बनियन दिसत होतं.

आमच्याकडच्या शिकारीच्या कॅम्पात, म्हणजे रानातल्या लाकडी घरात, ही रीत जुनी आहे. ज्याचा नेम हरणावरून चुकला, त्याच्या शर्टाचं टोक संध्याकाळी सगळ्यांदेखत कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर ठोकायचं. गॉर्डी लेम्केच्या कॅम्पात अशी तीस-चाळीस टोकं आहेत. कॅम्प त्याचा असला तरी त्यात चार त्याचीच.

"मार्लिसबाईंचं शिकारीचं पहिलंच वर्ष आणि पहिलंच टोक!" गॉर्डी रांगेतून ओरडला. "व्हर्लिननं स्वतः कापलं. हात जरासुद्धा थरथरला नाही हो त्याचा!"

सगळे हसले. मार्लिसनंही ओठ जरा हलवले. मी हसले, हेही सांगून टाकते. त्याची लाज अजून वाटते.

"बाईला मी सांगत होतो," व्हर्लिन म्हणाला, "त्या खेळण्यानं हरीण पडत नसतं. पण ऐकेल तर ना! याच नरावर हिनंही एक बार टाकला."

हे खेळणं म्हणजे टू-फोर्टी-थ्री. व्हर्लिनच्या मेलेल्या बहिणीची बारीक नळीची हलकी रायफल. ती मार्लिसकडे कशी आली, ते मला ठाऊक होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती माझ्याकडे आली होती, हातात ॲपल पाय घेऊन. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं पोरांना वाढलं आणि चाळीस वर्षं कॅम्पात या बाप्यांना. पहाटे चारला उठून अंडी, दिवसभर त्यांचे ओले मोजे दोरीवर वाळत घालणं, रात्री स्ट्यू. हरणामागे मात्र कधी गेली नाही. कुणी विचारलं नाही आणि तिनं म्हटलं नाही. जूनमध्ये शाळेतून निवृत्त झाली, आणि तेव्हा म्हणाली.

"एक हरीण, इर्मा. माझ्या हातचं एक. नंतर परत अंडी तळीन मी."

"व्हर्लिन काय म्हणाला?"

"हसला. मग म्हणाला, चल. त्यानं नवी मॅग्नम घेतलीय ना, त्या खुशीत होता. मला बहिणीची रायफल दिली. ही काडतुसंही दिली."

तिनं पर्समधून डबी काढली. मी ती उचलून बघितली आणि माझं डोकंच फिरलं. पंचावन्न ग्रेनची गोळी. ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप. ही पंचावन्नवाली कोल्ह्या-कुत्र्यांसाठी, हलकी आणि ठिसूळ. हरणाच्या हाडावर बसली, की कातडीखालीच तिचा भुगा होतो. जनावर जखमी होऊन दलदलीत जातं आणि दोन दिवसांनी मरतं.

"ही त्यानं मुद्दाम दिली, की कळत नाही म्हणून?"

"घरात पडली होती म्हणून," मार्लिस म्हणाली. "त्याला वाटतं बाईच्या हातात काय फरक पडतो."

उथळ पाण्याला खळखळाट फार, म्हणतात ते उगाच नाही. हा मनुष्य अख्खा उन्हाळा न्हाव्याच्या दुकानात बसून मॅग्नमचं पुराण सांगत होता. पाचशे यार्डांवर गोळी किती इंच खाली येते, वारा आला तर किती डावीकडे जाते. पाचशे यार्ड! आमच्या रानात, टॅमरॅक आणि एल्डरच्या गचपणात, ऐंशी पावलांपलीकडे स्वतःचा भाऊ दिसत नाही. आणि त्याला पाहिजे तोफ. तोफेचा धक्का असा, की दुसऱ्या बारापासून माणूस घोडा ओढायच्या आधीच डोळे मिटतो. मग गोळी कुठे जाते, ते देवाला माहीत आणि बर्चच्या खोडाला.

"ऐक," मी म्हटलं. "रायफल चांगली आहे, तीच ठेव. फक्त काडतूस बदल. डबीवर शंभर लिहिलेलं बघून घे. शंभर ग्रेन, मऊ टोकाची. ती फुटत नाही, फुलते आणि खोल जाते. पण खांद्याच्या हाडावर मारू नको, त्याच्या मागे मार. कोपराच्या रेषेत, छातीचा खालचा तिसरा हिस्सा. घाई नाही, नशिबावर हवाला नाही. दिसलं तर मार, नाहीतर जाऊ दे."

तिनं ते पाकक्रिया लिहून घ्यावी तसं बिलाच्या मागे लिहून घेतलं. नंतरचे तीन रविवार ती एकटीच खडीच्या खाणीत गेली. तिसऱ्या रविवारी मला कागद दाखवायला आणला. नऊ भोकं, सगळी मिळून बशीत मावतील एवढी.

"व्हर्लिनला दाखवलास?"

"कशाला?" ती म्हणाली. "त्यानं त्याची फक्त दोनदा उडवलीय. खांदा काळानिळा झाला होता. मीच बर्फ लावला."

आणि आता ती कापलेल्या शर्टात माझ्या दाराशी उभी होती, आणि मी हसले होते.

सोमवारी दुपारी मी तो नर आकड्याला टांगला आणि सोलायला घेतला. मॅग्नमनं साठ पावलांवरून मारलेलं हरीण मला डोळे बांधून ओळखता येतं. आख्खा खांदा जांभळा लगदा, हाडांच्या काड्या मांसात घुसलेल्या. दर वर्षी बादल्या भरभरून ते मी फेकते आणि धनी विचारतात, इर्मा, मांस इतकं कमी कसं? अरे बाबांनो, निम्मं तुम्ही रानातच उडवलंत!

याचे दोन्ही खांदे कोवळ्या कोकरासारखे स्वच्छ होते.

डाव्या बाजूला, कोपराच्या रेषेत, खालच्या तिसऱ्या हिश्शात, पेन्सिल जाईल एवढं भोक. दोन बरगड्यांच्या मधून. उजवीकडे भोकच नाही. मी कातडं सोडवत उजव्या बाजूला आले आणि सुरीच्या पात्याला काहीतरी लागलं. कातडीच्या आत, फुललेल्या कळीसारखी, तांब्याची आणि शिशाची गोळी. धुतली. पुढचं तोंड पसरलं होतं, पण बूड जसंच्या तसं होतं. बारीक. व्हर्लिनच्या काडतुसातली गोळी तिच्याजवळ ठेवली असती तर थोराड दिसली असती.

मी खुर्चीवर बसले. राग आला, की मला बसावं लागतं. एवढं साधं आयुष्य त्या बाईचं, त्यात एकच गोष्ट मागितली, आणि त्यानं तीच स्वतःच्या नावावर केली. वर तिचाच शर्ट कापला! आणि ती गप्प उभी राहिली. खरं सांगू? त्या क्षणी मला त्याच्यापेक्षा तिचाच जास्त संताप आला होता. गायीलासुद्धा शिंगं असतात म्हटलं.

बुधवारी ते मांस न्यायला आले. मी ठरवूनच त्यांना अकराची वेळ दिली होती, कारण गॉर्डी अकराला येणार होता आणि त्याच्याबरोबर कॅम्पातले आणखी दोघे. मला प्रेक्षक हवे होते. मी देवमाणूस नाही.

"व्हर्लिन, तुझं ते काडतूस आहे का खिशात?" मी विचारलं.

"नेहमी!" त्यानं ते अगदी कौतुकानं काउंटरवर उभं केलं.

मी त्याच्या शेजारी ती गोळी ठेवली.

"ही तुझ्या हरणातून निघाली. उजव्या कातडीखाली होती."

गॉर्डी पुढे झाला, चष्मा कपाळावर चढवला आणि गोळी बुडाकडून बघितली. मग काडतुसाकडे. या माणसाला शिकारीतलं कळतं, एवढं मात्र कबूल करायला हवं.

"ही मॅग्नमची नाही," तो म्हणाला.

"घासली गेली असेल," व्हर्लिन म्हणाला. "हाडावर."

"हाडाला लागलेलीच नाही. बरगड्यांच्या मधून गेलीय. ही टू-फोर्टी-थ्री आहे, व्हर्लिन."

"मग... मग दोघांच्याही लागल्या असतील!"

"भोक एकच आहे," मी म्हटलं. मला ते म्हणताना फार गोड वाटलं. "तुझ्या तिन्ही गोळ्या मिशिगनपर्यंत पोचल्या असतील. डोळे उघडे होते का रे तुझे?"

व्हर्लिनचा चेहरा पडला. बढाया मारणारा माणूस गप्प झाला, की आतला म्हातारा एकदम बाहेर दिसतो. त्यानं टोपी काढली. भुवईवरच्या जखमेची खपली त्याच्या हातानं निघाली आणि रक्त पुसायला तो रुमाल शोधू लागला, पण सापडेना.

"शर्ट, व्हर्लिन," मागून कुणीतरी म्हणालं. हसून नव्हे. रीत म्हणजे रीत.

त्यानं मुकाट्यानं जाकिटाच्या चेनला हात घातला.

"राहू दे," मार्लिस म्हणाली. "तो शर्ट चांगला आहे. उद्या त्याला तो जेवणाला घालायचाय. उद्या पोरं येणार आहेत."

"अगं, पण तुझा कापला ना यानं!" मी काउंटरवर हात आपटला. "तुला तिथेच माहीत नव्हतं? पोट कुणी साफ केलं होतं?"

"मीच. त्याला वास सहन होत नाही."

"मग हाताला गोळी लागली नाही?"

"लागली की." ती खोक्यांवरची नावं वाचत होती. "चांगली लागली, कातडीखाली. बोटानं चाचपून बघितली."

"आणि बोलली नाहीस?"

"सहा माणसं त्याच्याकडे अशी बघत उभी राहिली असती." तिनं नजर न उचलता आमच्याकडे हात केला. म्हणजे माझ्याकडेही. "मी ती तिथेच राहू दिली. आणि हरीण दुसऱ्या कुणाकडे नेऊ म्हणत होता तो, तर म्हटलं, नको, इर्माकडेच नेऊ. इर्माच्या हातून काही सुटत नाही आणि तिच्या तोंडातही काही राहत नाही."

गॉर्डी खाकरला. माझी सगळी मिरवणूक जागच्या जागी थांबली. तीन दिवस मी जो डाव रचत होते, त्यातलं एक प्यादं मीच होते, आणि चाल त्या गरीब गायीनं केली होती.

"सगळ्या पुड्यांवर त्याचं नाव लिहिलंय," मी पेन उचलून म्हटलं. "बदलून देते. दहा मिनिटं लागतील."

"नको गं. फ्रीजरला काय कळतंय."

गॉर्डीनं टोपी काढली. "मार्लिस, ते भिंतीवरचं तुझं टोक मी आज काढतो."

"असू दे. पुढच्या वर्षी बघू." तिनं वरचं खोकं उचललं.

व्हर्लिन अजून तिथेच उभा होता, मॅग्नमचं काडतूस मुठीत धरून. त्याला काय सुचलं कोण जाणे.

"मार्लिस," तो म्हणाला, "शनिवारी रात्री... कलेजी."

कॅम्पात पहिल्या दिवशी मारलेल्या हरणाची कलेजी रात्री कांद्यावर परततात. पहिला तुकडा ज्यानं मारलं त्याचा. बाकीच्यांनी तो खाईपर्यंत थांबायचं असतं. फ्रीजरमध्ये ठेवून नंतर खायची वस्तू नाही ती. त्या रात्रीची त्या रात्रीच.

"मी खाल्ली," तो म्हणाला. "सगळी."

"हो," मार्लिस म्हणाली. "मीच वाढत होते. दोनदा घेतलीस."

ती खोकं पोटाशी धरून दाराकडे गेली. दार उघडायला पुढे व्हावं, हे एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला सुचलं असावं. तो लगबगीनं निघाला. पण तोवर तिनं ते खांद्यानं ढकललं होतं.