काचेतला कमरपट्टा

"दर दसऱ्यात नवमीला या जुनाट पट्ट्याला अबीर! अन् वर चढणाऱ्यांच्या पट्ट्याला साधा टाका नाही," कोठार सांभाळणाऱ्या सुवर्णादिदी पुटपुटल्या आणि माझ्यावरची काच जरा जोरातच पुसली.

मित्रांनो, मी एक जुना कमरपट्टा आहे. टेलिफोनच्या मनोऱ्यावर चढणारा माणूस मला कमरेला बांधतो, माझा आकडा लोखंडात अडकवतो आणि दोन्ही हात मोकळे सोडून काम करतो.

माझे मालक हेमकर्ण अर्याल. नवेकोरे इंजिनिअर होऊन नेपाळातल्या म्याग्दीच्या डोंगरात आले, तेव्हा बुटाची नाडीही धड बांधता येत नव्हती त्यांना. पण त्यांनी एक रीत पाडली. कोणीही वर चढण्याआधी त्याचा पट्टा ते स्वतः बांधत, जमिनीपासून दोन हातांवर आकडा अडकवत आणि पाय उचलून लटकत.

"सर, तुमचं वजन पेललं ना, मग माझं काय घेऊन बसलात!" नरबीर रोका हसायचा आणि सरसर वर जायचा.

पुढे माझे मालकही चढत गेले. विभागप्रमुख झाले, मी खुंटीवर गेलो. काठमांडूहून बोलावणं आलं, मी कपाटात गेलो. मनोरे शेकड्यांनी वाढले. एकेका पट्ट्यावर लटकायला वेळ कुठला? साहेबांनी रीत बंद करून छापील कागद काढला. 'पट्टा तपासला', खाली सही. फार कौतुक झालं त्याचं. ते कंपनीचे प्रमुख झाले आणि मी कोठारात, काचेत. "मी इथून वर आलो," असं ते पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत.

गेल्या महिन्यात नरबीर पडला. कागदावर सही होती. पट्ट्याची शिवण कुजलेली होती.

आज हत्यारांची पूजा. नरबीरची बायको दिलसरा पांढऱ्या कपड्यांत आली. वर्षभर तिला कपाळावर दसऱ्याचा टिळा वर्ज्य. तिला अपघाताच्या अहवालावर सही करायला बोलावलं होतं. 'पट्टा स्वतः न तपासता चढला, चूक त्याचीच.'

"वहिनी, सही करा. विषय मिटेल," साहेब हळूच म्हणाले. बाकीचे सगळे एकदम बोकडाच्या मटणाबद्दल बोलू लागले.

दिलसराने लेखणी खाली ठेवली. "हे सांगायचे, साहेब आधी स्वतः लटकतात. आज लटका की."

साहेबांनी मला काचेतून काढलं. जुन्या सवयीने दोन्ही हातांनी ओढलं. मित्रांनो, मी जीव खाऊन धरून राहिलो हो. पण वर्षानुवर्षं नुसता अबीर खाल्लेला धागा तो! टर्रकन उसवलो.

ज्याच्या आधाराने तुमचं माणूस वर चढतं, त्याला हार घालू नका. ओढून बघा. मला एवढंच हवं होतं. आता माझ्या हाती काही नाही.

साहेबांनी अहवाल पुन्हा दिलसरापुढे सरकवला. मटणाच्या गप्पा थांबल्या होत्या. सुवर्णादिदींनी अबिराचं ताट खाली ठेवलं.

"वहिनी, नका करू सही. पट्टा तपासल्याच्या कागदावरची सही माझी आहे. एका दिवसात दोनशे केल्या. नरबीरचा पट्टा मी हातातसुद्धा घेतला नव्हता. कोणीच घेतला नव्हता. आणि साहेब, हे तुम्हाला ठाऊक होतं."