दुसऱ्या आईच्या कुशीत

मित्रांनो, मी एकेकाळची प्रयोगशाळेतली पांढरी उंदरीण आहे. आता माझे मागचे पाय लटपटतात, मिशाही विरळ झाल्यात. जुने दिवस मात्र लख्ख आठवतात.

माझी जन्मदाती आई फार घाबरट होती. पिंजऱ्याचं झाकण वाजलं, की ती आम्हाला सोडून कोपऱ्यात अंग चोरून बसे. पिल्लांना चाटायचं तिला सुचतच नसे. दोष तिचा नव्हता; तिलाही लहानपणी कुणी फारसं चाटलं नव्हतं. मग तिथल्या संशोधक बाईंनी मला अलगद उचलून दुसऱ्या आईच्या कुशीत ठेवलं. त्या माउलीने आपलं-परकं केलं नाही. नाकापासून शेपटीपर्यंत तिने मला चाटून काढलं. कागदाच्या कपट्यांचं ते उबदार घरटं आठवलं, की आजही डोळे मिटतात.

मी मोठी झाले ती धीराची. माझी भावंडं मेंदूच्या तपासणीला गेली, ती परत आली नाहीत. मी पोरकी पिल्लं सांभाळत असे, म्हणून मला ठेवलं गेलं.

एका दुपारी बाईंची थोरली बहीण आली. तिने दत्तक घेतलेली तीन वर्षांची मुलगी बरोबर होती. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला मात्र, मुलगी टेबलाखाली जाऊन बसली.

"मला नाही जमत गं," बहीण म्हणाली. "जवळ घेतलं की अंग ताठ करते. परत पाठवावं का, असंही मनात येतं."

बाईंनी माझ्या पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "मेंदूच्या पेशींत डीएनए असतो ना, त्यात भीती आवरायची सूचनाही असते. पिल्लाला माया मिळाली नाही, तर त्या सूचनेवर मेथिल नावाच्या रसायनाच्या बारीक खुणा जास्त बसतात. सूचना असते, पण पेशीला ती नीट वाचता येत नाही."

"म्हणजे हिचं कायमचंच बिघडलं?"

"असं कोण म्हणतं? काही खुणा पुसल्याही जातात. आणि ताई, हे मी उंदरांत पाहिलंय. लेकीबद्दल इतक्यात निकाल देऊ नकोस."

ताई उठली आणि टेबलाखाली शिरून फरशीवर बसली. तिने मुलीला ओढलं नाही. नुसती केसांवरून हात फिरवत राहिली. बराच वेळ मुलगी लाकडासारखी होती. मग तिने ताईची बाही मुठीत धरली.

पुढे प्रयोग संपला. बाईंनी परवानगी काढून मला ताईकडे दिलं. माझ्या मेंदूत कोणत्या खुणा आहेत, ते आता कुणी पाहणार नाही. स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी माझा पिंजरा असतो. मिक्सर सुरू झाला, की मुलगी अजूनही पळते. पण टेबलाखाली नाही, ताईकडे.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही असं एखादं दचकणारं मूल असेल. त्याला भित्रं म्हणून चिडवू नका. शेजारी जाऊन बसा. आणि त्याने लगेच हात धरला नाही, तरी उठून जाऊ नका.