आता म्हण

"दिवा घालव," म्हाताऱ्या हार्लनने फर्मावलं. "उजेडात पितळेचा रंग कुणाच्या बापाला दिसलाय?"

आर्डेनने तळघरातला दिवा घालवला. 'कुणाच्या बापाला' हे त्याच्या बापानेच म्हणावं याचं एरवी त्याला हसू आलं असतं. पण आज त्याचं चित्त तिथे नव्हतं. वर त्याच्या पलंगाखाली भरलेली बॅग होती. इतकी वर्षं त्याची वाट पाहणारी मॅरिबेथ दुपारी गाडी घेऊन येणार होती. स्पोकेन शहरात तिने घर घेतलं होतं, दोघांसाठी. "बॅग घेऊन बाहेर आलास तर आलास," ती म्हणाली होती. "या खेपेला मी हॉर्न वाजवणार नाही. दोनदा वाजवून झालाय." आणि बापाला यातलं अवाक्षर अजून सांगायचं होतं.

शिकारीच्या मोसमाआधी बाप-लेकांचं हे काम आर्डेन पोरसवदा असल्यापासून चाललं होतं. गोळी उडाली की काडतुसाची पितळी पुंगळी फुगते. ती साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, पुन्हा भरायची. दरवर्षी असं फुगून-दबून पितळ कडक होतं आणि एक दिवस मानेशी तडकतं. म्हणून तिला अधूनमधून ताव द्यायचा. पसरट थाळीत पाणी, पाण्यात अर्ध्या बुडवून उभ्या केलेल्या पुंगळ्या, आणि वर मानेला गॅसच्या बर्नरची ज्योत. रंग चढला रे चढला की पुंगळी पाण्यात आडवी. ताव कमी पडला तर मेहनत फुकट; खाली बुडापर्यंत पोचला तर बंदूक गालाशीच फुटायची. हार्लनने ज्योत धरायची, आर्डेनने रंग बघून 'आता' म्हणायचं, की हार्लन पुंगळी आडवी करायचा. बंदूक हार्लनच्या बापाची होती. तिच्या पुंगळ्या विकत मिळणं केव्हाच बंद झालं होतं, त्यामुळे त्याच त्या पुंगळ्यांना जपत दोघांनी आयुष्य काढलं होतं. 'हा मोसम होऊन जाऊ दे, मग बघू' म्हणता म्हणता शाळेचा बॉयलर सांभाळणारा आर्डेन छप्पन्न वर्षांचा झाला. पुंगळ्यांना निदान अधूनमधून ताव तरी मिळत होता.

"यंदा वरच्या कुरणात बसू," हार्लन म्हणाला. "एल्क हरीण पडलं तर मांस पाठीवर घेशील ना? का तुझं कंबरडं माझ्याआधी म्हातारं झालं?"

"घेईन," आर्डेनच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग त्याला स्वतःचाच संताप आला. ज्योतीखाली पितळावर मंद लाली चढली.

"आता."

पुंगळी चर्रकन पाण्यात पडली. हार्लनने ज्योत पुढच्या पुंगळीकडे नेली. आर्डेनने म्हटलं, "डॅड, आता मी..."

पुंगळी पाण्यात पडली. चर्र झालं नाही.

आर्डेनने वाकून पाहिलं. ज्योत पुंगळी उभी होती त्या जागेपासून बोटभर बाजूला होती आणि नुसत्या हवेला ताव देत होती.

"डॅड, तुम्हाला पुंगळी दिसतेय?"

"घाई केलीस तू. उचल ती, परत उभी कर."

"दिसतेय का, ते सांगा."

बर्नर सूं सूं करत राहिला. "मधलं दिसत नाही," हार्लन शेवटी म्हणाला. "कडेकडेचं दिसतं. तुझे कान दिसतात, नाक दिसत नाही. तसं काही अडत नाही, तुझ्यात बघण्यासारखे कानच आहेत."

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून. डॉक्टर म्हणाला, गेली ती नजर गेली. तुला सांगितलं असतं तर तू बंदूक कपाटात घालून किल्ली खिशात टाकली असतीस."

"मी नसलो तर कसं करणार होतात हे?"

"मनात आकडे मोजून. पूर्वी मोजूनच करायचे लोक."

"आणि मोजणं चुकलं म्हणजे?"

"म्हणजे काय? तू थोडाच असणार आहेस बघायला!"

आर्डेनने पाण्यातली पुंगळी उचलून परत उभी केली.

"पलंगाखाली बॅग ठेवतोस," हार्लन म्हणाला. "माझी काठी अडखळली तिला. आंधळ्याची काठी, सगळं सापडतं तिला."

आर्डेनला रडू येईल असं वाटलं, आणि रागही आला. बाप हातापाया पडला असता तर झिडकारून जाता आलं असतं. या अर्ध्यामुर्ध्या नजरेच्या माणसाला इथे ज्योत आणि बंदुकीच्या दारूच्या संगतीत सोडून कसं जायचं? "मी कुठे जात नाहीये," तो म्हणाला. हे वाक्य तोंडात इतकं बसलेलं होतं की त्याला विचारसुद्धा करावा लागला नाही.

हार्लनने बर्नर बंद केला. अंधारात त्याचा हात भिंतीवर चाचपडला, खिळ्यावरची पक्कड खाली आली. बिघडलेल्या पुंगळीचं तोंड पकडीने चेपून टाकायचं, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी ती भरत नाही, हा त्या घरचा रिवाज होता. 'कट्' असा आवाज झाला. मग आणखी एक.

"डॅड, अहो, चांगल्या आहेत त्या! मिळत नाहीत कुठे!"

"मला सांगतोस?"

थाळीतल्या संपल्या तशा त्याने बाजूच्या डब्यात हात घातला. एकेक पुंगळी तो बोटांत फिरवायचा, तिच्या मानेवरून अंगठा न्यायचा आणि मग चेपायचा. आर्डेनने पकडीवर हात ठेवला. म्हाताऱ्याने तो अलगद बाजूला केला. बऱ्याच वेळाने डबा रिकामा वाजला.

वर अंगणातल्या खडीवर गाडीची चाकं वाजली. गाडी थांबली, इंजिन चालू राहिलं. हॉर्न काही वाजला नाही.

"आर्डेन," हार्लन म्हणाला.

"काय?"

"आता."

आर्डेन जागचा हलला नाही. जन्मभर तो शब्द त्याने म्हटला होता. तो ऐकल्यावर काय करायचं असतं, ते मात्र एकट्या हार्लनला ठाऊक होतं. वर इंजिनाचा आवाज येत होता, आणि अंधारात म्हातारा हाताने चाचपून पक्कड पुन्हा खिळ्याला अडकवत होता.