मोकळं नसलेलं नाव

“ह्यात गिर्झी कुठंय?” भिंतीवरच्या वंशवृक्षासमोर उभ्या असलेल्या मेरनने विचारलं.

ऊना हॅलक्रो सँडविचचं ताट घेऊन तशीच थबकली.

दीडशे वर्षांपूर्वी हॅलक्रो नवरा-बायको शेटलंड बेटांवरून तीन मुलगे घेऊन जहाजाने न्यूझीलंडला आले. पाच वर्षांची गिर्झी निघायच्या दिवशीच गोवराने फणफणली. डॉक्टरने तिला जहाजावर चढू दिलं नाही. मावशीपाशी ठेवू, वर्षभरात बोलावून घेऊ, असं ठरलं. बोलावणं कधी गेलंच नाही. आज गावच्या सभागृहात इथे आलेल्यांचे दोनशे वंशज जमले होते. मेरन मात्र मागे राहिलेल्या गिर्झीची खापरपणती, एकटीच शेटलंडहून आलेली.

“तुम्हीच ऊनाआत्या ना? माझ्या आजीनं तुम्हाला पत्र लिहिलं होतं.”

“हो. बेबींनी.”

बेबीने त्यात एवढंच विचारलं होतं, की गिर्झीची आई तिची कधी आठवण काढायची का? ऊना तेव्हा शाळेची बस चालवायची. सुट्टीत निवांत लिहू, म्हणाली. सुट्ट्या आल्या, गेल्या. मग उशीर झाल्याची लाज वाटू लागली, आणि लाजेपोटी आणखी उशीर.

“आजीनं अकरा वर्षं वाट बघितली,” मेरन म्हणाली. “म्हणायची, लांबचं टपाल आहे, वेळ लागायचाच. तशीच गेली.”

ऊनाने ताट टेबलावर ठेवलं.

“उत्तर होतं गं माझ्याकडं. माझे आजोबा सांगायचे. इथं आल्यावर त्यांच्या आईला मुलगी झाली. नवरा म्हणाला, हिचं नाव गिर्झी ठेवू, ती काही आता येत नाही. तर ही बाई म्हणाली, ते नाव मोकळं नाही. आठवडाभर नवऱ्याशी बोलली नाही. पुढं नातीलासुद्धा ते नाव देऊ दिलं नाही.”

मेरन पुन्हा वंशवृक्षाकडे वळली.

“दोन ओळींचं काम होतं, आत्या.”

“हो.”

“आजीला तेवढं पुरलं असतं.”

ऊनाने मान हलवली. माफी तिच्या ओठांवर आली होती. पण जिची मागायची ती इथे नव्हती.

बाहेर सगळ्यांना फोटोसाठी बोलावलं. दोघी शेवटच्या रांगेत कडेला उभ्या राहिल्या. “जरा जवळ सरका,” फोटोवाला म्हणाला. ऊना एक पाऊल सरकली. मेरन जागची हलली नाही. फोटोत दोघींच्या मध्ये एका माणसापुरती जागा तशीच राहिली.